टेबलाच्या बाजूचा कौल

मी प्राणिशास्त्रात पदवी घेतल्यावर पुढे काय, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी विचारला आणि उत्तर मुळ्ये वकिलांनी दिलं. रत्नागिरीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचं ऑफिस आहे. तिथे पुढच्या टेबलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी आणि फोनशी बोलायला त्यांना कोणीतरी हवं होतं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"एखाद्याला आत सोडायचं नाहीये, पण तो रागावताही कामा नये. तर काय सांगशील?"

"सर कामात आहेत."

"रागावेल. सांगायचं, सर तुमचीच फाइल बघतायत."

हे वाक्य मी अजून रोज वापरते. ते बहुतेक वेळा खोटं असतं, पण त्याने माणसाचा चेहरा निवळतो, हे मी वारंवार पाहिलंय.

आमचं रिसेप्शन म्हणजे एक लांबट खोली. दारातून शिरलं की एका भिंतीला सोफा, समोरच्या भिंतीला फिशटँक आणि टोकाला माझं टेबल. टँक सरांच्या मिसेसनी वास्तूच्या सल्ल्याने ठेवून घेतला. त्यात आधी बरेच मासे होते म्हणे. मी लागले तेव्हा एकच गोल्डफिश उरला होता. नारिंगी, लिंबाएवढ्या पोटाचा, आणि आत्ताच काहीतरी आठवल्यासारखा चेहरा असलेला. सोफ्यावर बसणाऱ्याला त्याच्याखेरीज बघायला काही नसे. आणि वकिलाकडे वाट बघणारा माणूस नुसता बघत बसत नाही, मनात काहीतरी विचारत असतो.

सुरुवात लांज्याच्या एका गृहस्थांपासून झाली. एका फणसाच्या झाडावरून त्यांची शेजाऱ्याशी केस चालू होती. ते बराच वेळ माशासमोर बसून ओठ हलवत होते. तेवढ्यात फोन वाजला, निरोप लिहायला मी ड्रॉवर उघडला, आणि मासा दाराच्या बाजूकडून सुसाट माझ्या टेबलाच्या बाजूला आला. गृहस्थ ताडकन उठले, त्यांनी टँकला हात जोडले.

"उजवा दिला," ते मला म्हणाले.

"काय दिला?"

"कौल. मिटवायचं." आणि सरांना न भेटताच ते गेले. पुढच्या आठवड्यात दोन फणस घेऊन आले. एक सरांना, एक माशाला. माशाचा मी घरी नेला.

आमच्याकडे गावात काही ठरत नसलं की देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलं किंवा तांदूळ चिकटवतो आणि देवाला गाऱ्हाणं घालतो. उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. यात मला नवीन काही नव्हतं. देवाच्या जागी गोल्डफिश हे मात्र नवीन होतं.

फणस मिटल्याची बातमी कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर पोचली आणि लोक यायला लागले. सरांकडे नाही, माशाकडे. प्रश्न सगळ्यांचा एकच, मिटवू का. मग उजवी कुणाची, यावरून वाद झाला. बघणाऱ्याची उजवी की माशाची? मी सांगितलं की मासा वळला की त्याची उजवीही वळते, त्यामुळे ती धरता येणार नाही. हे सगळ्यांना पटलं. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी निवाडा केला की टेबलाची बाजू म्हणजे होकार आणि दाराची बाजू म्हणजे नकार. "नाहीतरी नाही म्हटल्यावर माणसाने दाराकडेच जायचं असतं," ते म्हणाले.

मासा नेहमी होकारच द्यायचा. मला ते खटकलं. कुठल्याही सचोटीच्या कौलात अधूनमधून नकार यायला हवा. मी थोडं निरीक्षण केलं तेव्हा कारण सापडलं. माशाच्या खाण्याचा डबा माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. ड्रॉवर उघडताना करकरतो. करकर झाली की टेबलाच्या बाजूचं झाकण उघडून मी खाणं घालते, हे माशाला पाठ झालं होतं. आणि लोक नेमके मी काहीतरी लिहायला ड्रॉवर उघडला की प्रश्न विचारायचे, कारण तेव्हा माझं त्यांच्याकडे लक्ष नसायचं.

हे मी सरांना सविस्तर समजावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे माझी अशिलं तुझ्या ड्रॉवरमुळे तडजोडी करतायत?"

"एका अर्थी, हो."

"शमिका, मला लोकांनी मिटवण्याचं दुःख नाही. पण मी बोलायचं कधी?"

सरांचं खरं दुःख ते होतं. त्यांची उलटतपासणी ऐकायला कोर्टात तरुण वकील मागे उभे राहतात. केबिनचं दार लावून ते आधीचे काही दिवस तिची तालीम करतात. दोन्ही आवाजात, स्वतःच्या आणि साक्षीदाराच्या. साक्षीदाराचा आवाज नेहमी बारीक आणि पराभूत असतो. माशाने गेले काही महिने त्यांच्या बऱ्याच उलटतपासण्या गिळल्या होत्या. त्यांनी हुकूम काढला की ड्रॉवरला तेल घालायचं आणि माशाला ऑफिस बंद करतानाच खायला द्यायचं. मी तसं केलं. मासा आता मनाला येईल तसा कुठेही फिरायला लागला. पण त्याच्यावरचा लोकांचा विश्वास उलट वाढला, कारण आता तो नकारही द्यायचा.

या सगळ्यात भिकाजी गोताड आणि चंपा गोताड आले.

भिकाजीकाका सरांचे अशील. चंपाकाकी त्यांच्या धाकट्या भावाची, गंगारामची बायको. दोघांची घरं हातखंब्याच्या पुढच्या एका वाडीत एकामागे एक आहेत. मोठ्या रस्त्यावरून चंपाकाकीच्या घरी जायची वाट भिकाजीकाकांच्या परड्यातून जाते. म्हणजे जायची. शिमग्यात देवाची पालखी घरोघर नाचवतात, तेव्हा एका वर्षी ती थोरल्याच्या आधी धाकट्याच्या अंगणात नाचली. दुसऱ्या दिवशी भिकाजीकाकांनी वाटेवर जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे बैठी भिंत, घातला. तेव्हापासून बोलणं बंद. चंपाकाकीच्या घरी माणूस बांधावरून, ओहळातून, कसाही पोचायचा. रिक्षा पोचायची नाही. आणि आता रिक्षाच हवी होती. गंगारामकाका मुंबईला एका कॅन्टीनमध्ये होते, निवृत्त झाले, आणि तिथेच त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. शनिवारच्या गाडीने ते गावी यायचे होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाडी थेट दारात गेली पाहिजे, खाचखळग्यातून चालणं नाही, आणि कोणी खुर्चीत घालून उचलून नेणं तर नाहीच. म्हणून चंपाकाकीने वाटेसाठी केस घातली होती.

तिच्या वकील करुणा सनगरे. त्यांचं ऑफिस आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर आहे. तिथे एक टेबल, एक कपाट आणि एक अशील एवढंच मावतं, तेही अशिलाने श्वास रोखला तर. म्हणून त्यांची अशिलं आमच्या सोफ्यावर बसतात. ही जुनी रीत आहे. परिणामी ज्यांच्या केसेस एकमेकांविरुद्ध आहेत ती माणसं आमच्याकडे एकाच सोफ्यावर बसून एकाच माशाकडे बघतात.

या दोघांचं बघायला मला फार आवडायचं. भिकाजीकाका आत आले की चंपाकाकी उठून उभी राहायची आणि पदर डोक्यावर घ्यायची. मोठा दीर आहे. कोर्टात खेचलं म्हणून उठायचं नाही असं थोडंच आहे. ते बसल्याशिवाय ती बसत नसे, आणि बसायची ती सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बोलणं व्हायचं ते माझ्यामार्फत.

"बाय, तिला सांग, पंखा माझ्या अंगावर येतोय. जरा सरकव म्हणावं," भिकाजीकाका म्हणायचे. स्टँडचा पंखा चंपाकाकीच्या हाताशी होता.

"काकी, पंखा जरा सरकवता?"

"दादांना सांग, सरकवला. खोकला हाय त्यांना, म्हायती हाय मला."

"काका, सरकवला म्हणतायत."

"दिसलं. तिला म्हणावं, खोकला बरा हाय."

रिसेप्शनिस्टचं काम निरोप पोचवणं आहे. तो किती अंतरावर पोचवायचा, हे कुठे लिहिलेलं नाही.

येत्या सोमवारी कोर्टात चंपाकाकीची साक्ष होती, आणि सरांची उलटतपासणी. केबिनमधून तालमीचा आवाज येत होता. "तर मग बाई, पालखी आपल्याच दारी आधी येणार हे ठाऊक नव्हतं, तर तोरण आधीपासून कसं बांधलं होतंत?" मग तो बारीक आवाज, "चुकले साहेब." मग सरांच्या खुर्चीचा समाधानाने होणारा आवाज.

पण साक्ष सोमवारी आणि गंगारामकाका त्याच्या आधीच, शनिवारी. बुधवारी दोघं सोफ्यावर होते. भिकाजीकाका बराच वेळ माशाकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, तिला सांग, ह्यालाच विचारूया. शुक्रवारी सकाळी. टेबलाच्या बाजूला गेला तर मी गडगा काढतो."

मी वळले. चंपाकाकीने अर्थातच ऐकलं होतं, पण रीत म्हणून मी सांगितलं.

"दादांना विचार, आणि दाराच्या बाजूला गेला तर?"

"तर केस मागे घे म्हणावं. परत वाटेचं नाव काढायचं नाय."

 चंपाकाकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "बरं सांग," ती शेवटी म्हणाली.

"काकी, जरा विचार करा," मी हळूच म्हटलं. "तो मासा आहे. त्याला तुमची वाट माहीत नाही."

"कोर्टाला तरी कुठं म्हायती हाय, बाय? साहेब येऊन बघून गेले काय?"



गुरुवारी दोघंही आले, वेगवेगळ्या वेळी. काहीच काम नव्हतं. चंपाकाकीने मला पाणी मागितलं, आणि ते गार हवं म्हणून शेजारच्या दुकानातून आणायला लावलं. भिकाजीकाकांनी सर मोकळे आहेत का ते बघून यायला सांगितलं, आणि आहेत म्हटल्यावर म्हणाले, "असू देत, मला भेटायचं नव्हतं." संध्याकाळी सर म्हणाले, तू जा, ऑफिस मी बंद करतो. हे त्यांनी याआधी कधीच केलं नव्हतं. मला वाटलं, त्यांचा वाढदिवस असेल.

शुक्रवारी सकाळी मी आले तर मासा टँकच्या तळाशी, बरोब्बर मध्यभागी बसलेला. पोहत नव्हता. नुसता बसला होता, जेवणानंतर पाटावरून उठायचं राहून गेलेल्या माणसासारखा.

लोक जमले. भिकाजीकाका धुतलेला सदरा घालून आले होते. चंपाकाकी उठली, ते बसले, ती बसली. मास्तर आले होते, त्यांना कौलाचा निवाडा आपला वाटत होता. रघू नावाचा एक रिक्षावाला होता. त्याची अपघाताची केस होती, पण आज तो प्रेक्षक होता. सरांच्या केबिनचं दार बोटभर उघडं होतं.

भिकाजीकाका टँकसमोर उभे राहिले, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, आज आमी तुझ्या काचेसमोर उभे हाओत."

"व्हय महाराजा," मास्तर आणि रघू म्हणाले. ते म्हणायचंच असतं.

"भावाभावात वाटेवरनं जे काय झालं, ते तुला म्हायती हाय."

"व्हय महाराजा."

"वाट खुली करायची असंल तर ह्या बायच्या टेबलाकडं जा. नसंल तर दाराकडं जा. पण लौकर जा, बाराची एसटी हाय."

"व्हय महाराजा."

सगळे थांबले. मासा हलला नाही. मास्तरांनी चष्मा पुसला. रघूने खाली वाकून माशाच्या नजरेला नजर दिली. माशाने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"परत विचारा," मास्तर म्हणाले.

भिकाजीकाकांनी परत विचारलं. मासा तसाच. खोलीत कुजबुज सुरू झाली.

"कौल अडला," रघू म्हणाला. कौल अडणं हा गंभीर प्रकार आहे. दोन्हीकडची फुलं जागची हलली नाहीत की कुणाचं तरी काहीतरी चुकलंय असं धरतात, आणि ते सापडेपर्यंत पुढे जाता येत नाही.

"कुणाची चूक असंल ती सांगून टाका," मास्तर सगळ्यांकडे बघत म्हणाले. माझ्याकडेही बघितलं.

चंपाकाकीचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या पिशवीतला फोन वाजला, तिने बघितला आणि न उचलता परत ठेवला. गंगारामकाकांचा असणार. उद्या ते गाडीत बसणार होते.

मी टेबलामागून उठले आणि टँकजवळ गेले. माशाचं पोट सुजलं होतं. मागे एक लांब पांढरट दोरा लोंबत होता. मी तो नीट पाहिला. शिकलेलं सगळं फुकट गेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी तेव्हा तिथे असायला हवं होतं.

"देव रागावलेला नाहीये," मी म्हटलं. "त्याला बद्धकोष्ठ झालाय."



"काय झालाय?" रघूने विचारलं.

"पोट साफ होत नाहीये. कोणीतरी त्याला भलतंसलतं खूप खायला घातलंय." खरं म्हणजे गोल्डफिशला जठर नसतं, नुसतं आतडंच असतं, त्यामुळे पोट हा शब्द चूक आहे. पण ती वेळ ते सांगायची नव्हती. "एक-दोन दिवस उपास आणि मग उकडलेला, साल काढलेला वाटाणा. तोवर तो कुठल्याच बाजूला जाणार नाही."

"कुणी घातलं खायला?" मास्तरांनी विचारलं.

 मी जाळी घेतली आणि तळाचे खडे हलवले. टेबलाच्या बाजूच्या झाकणाखाली दोन प्रकारचं खाणं सापडलं. मी ते बशीत काढलं.

"ही सुकट आहे. भाजलेली," मी म्हटलं. माशाला मासे घालणं मला जरा खटकलं, पण ते असो. "आणि हे मऊ झालेलं पांढरं काहीतरी."

चंपाकाकी बशीवर वाकली. "सुकट दादांची हाय," ती म्हणाली, मला नाही, हवेला. "खिशात घेऊन फिरतात. चण्यासारखी खातात. सगळ्या वाडीला म्हायती हाय."

भिकाजीकाकांनी खिशावर हात ठेवला आणि काढला. मग तेही बशीवर वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हा घावन हाय," ते म्हणाले. "ह्याला जाळी बघ कशी पडलीय. आमच्या वाडीत असा घावन एकच बाई घालते." मग त्यांना आठवलं की ते तिच्याशी बोलत नाहीत. "बाय, तिला विचार, तू माशाला घावन का घातलास."

मी विचारणार होते, पण बशी माझ्या हातात होती आणि मला काहीतरी दिसत होतं.

"काका, एक मिनिट. सुकट टेबलाच्या बाजूच्या झाकणातून पडलीय. म्हणजे तुम्ही त्याला टेबलाच्या बाजूला यायची सवय लावत होतात."

भिकाजीकाकांनी सदऱ्याची बाही नीट केली.

"टेबल म्हणजे होकार. म्हणजे तुम्हाला गडगा काढायचा होता."

ते माशाकडे बघत राहिले. मासाही त्यांच्याकडे बघत राहिला. दोघांच्याही चेहऱ्यावर जवळपास एकच भाव होता.

"मी आपणहून काढला असता," ते शेवटी म्हणाले, "तर वाडी म्हटली असती, भिकाजी नमला. ह्याने सांगितलं असतं तर कोण काय बोलणार. देवाचा शब्द."

"मंग बोलायचं व्हतंत," चंपाकाकी थेट त्यांना म्हणाली. मधे मी नव्हते. "एवढं माशाला भरवण्यापरीस."

"तू कशाला भरवलास?"

"तुमी माझं ऐकलं असतंत? कधी ऐकलंत?"

"विचारायचं तरी."

"कोणामार्फत? ही बाय रोज थोडीच हाय वाडीत."

रघू आणि मास्तर मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होते. मला एकाएकी काही काम उरलं नव्हतं, म्हणून मी परत जाळी फिरवली आणि दाराच्या बाजूला गेले. तिथल्या झाकणाखालीही काहीतरी होतं. चहात बुडवतात तसलं बिस्कीट, अर्धं विरघळलेलं.

"हे कुणी घातलं?" मी विचारलं. दाराची बाजू म्हणजे नकार.

केबिनचं बोटभर उघडं दार हलकेच बंद व्हायला लागलं.

"साहेब," भिकाजीकाका म्हणाले. आवाज वाढवला नव्हता, तरी दार थांबलं.

सर बाहेर आले. कोटाचं बटण लावत, म्हणजे ते घाबरले होते. "हे बघा," ते म्हणाले, "त्या तोरणाच्या मुद्द्यावर मी दोन महिने मेहनत घेतलीय. सोमवारी तुम्ही ऐकलं असतंत भिकाजीराव, तुम्हालाही वाटलं असतं की केस चालली ते बरं झालं. मी त्याला फक्त समतोल ठेवायला सांगत होतो. आणि बिस्कीट एकच घातलं."

"तीन," मी बशीत बघून म्हटलं.

"लहान होती."

आता पेच असा होता की सगळ्यांना सगळं कळलं होतं, पण कौल काही लागला नव्हता. भिकाजीकाका उठले, बसले, परत उठले. त्यांची अडचण मला दिसत होती. वाडीत जाऊन सांगायला काहीतरी हवं होतं. माशाला बद्धकोष्ठ झाला म्हणून गडगा काढला, हे सांगण्यासारखं नव्हतं. एसटीची वेळ होत आली होती.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमीच सांगा. ह्याचं काय समजायचं?"

मास्तरांनी बशी हातात घेतली, एखादा महत्त्वाचा उतारा वाचावा तशी दूर धरली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाळ, माशाने टेबलाच्या बाजूचं खाल्लं किती आणि दाराच्या बाजूचं किती?"

मी विचार केला. "जे तळाशी उरलंय त्यावरून, टेबलाच्या बाजूचं बहुतेक सगळं संपवलंय. बिस्किटं बरीचशी तशीच आहेत."

"मग झालं तर." त्यांनी बशी टेबलावर ठेवली. "कौल पडलाय. बाहेर दिसला नाही, कारण पोटात पडला. टेबलाच्या बाजूचा."

विज्ञानाच्या दृष्टीने याला आक्षेप घ्यायला खूप जागा होती. गोल्डफिशला तेलाचा घावन आणि खारी सुकट बिस्किटापेक्षा का आवडेल, यावर मला निदान दोन शक्यता दिसत होत्या आणि दोन्हींचा वाटेशी संबंध नव्हता. मी भिकाजीकाकांकडे बघितलं. ते माझ्याचकडे बघत होते. मी काही बोलते का, याची वाट बघत.

"हो," मी म्हटलं. "प्रमाण टेबलाच्याच बाजूला जास्त आहे." हे वाक्य शब्दशः खरं होतं.

"व्हय महाराजा," रघू म्हणाला.

भिकाजीकाकांनी टँकला हात जोडले आणि सोफ्यावर बसले, या वेळी मधोमध. चंपाकाकीने उभ्या उभ्या डोळे पुसले आणि वर करुणा मॅडमना हाक मारायला मला पाठवलं.

तडजोडीचा कागद करायला वेळ लागला, कारण सर फार हळू लिहीत होते. मधेच त्यांनी पेन ठेवलं आणि उसासा टाकला. चंपाकाकीला ते बघवलं नाही.

"वकीलसाहेब, तुमचं काय विचारायचं राहिलंय ते विचारा. मी उभी ऱ्हाते."

"इथे?"

"इथं. एवढी तयारी केलीत."

करुणा मॅडम म्हणाल्या की त्यांची हरकत नाही, पण उत्तरं कागदावर घ्यायची नाहीत. सर लगेच उठले. माझं टेबल त्यांनी न्यायाधीशांची जागा धरली आणि मला ताठ बसायला सांगितलं. चंपाकाकी टँकला टेकून उभी राहिली.

सरांनी सुरुवात लांबून केली. गाव कुठलं, घर कधीचं, पालखी कुठल्या दिवशी. आवाज हळूहळू खाली आणला. रघू पुढे सरकून बसला. मग सर एकदम वळले. "तर मग बाई, पालखी आपल्याच दारी आधी येणार हे ठाऊक नव्हतं, तर तोरण आधीपासून कसं बांधलं होतंत?"

"दोन्ही दारांना बांधलं व्हतं."

सर थांबले. तालमीत हे उत्तर नव्हतं. "दोन्ही म्हणजे?"

"माझ्या आणि दादांच्या. वयनीला ताप व्हता त्या दिवशी. मीच बांधून आले."

सरांनी भिकाजीकाकांकडे बघितलं. भिकाजीकाका छताकडे बघत होते. "मला कोण बोललं नाय," ते पुटपुटले. "मला वाटलं बायकोने बांधलं."

"हे तुम्ही सोमवारी कोर्टात सांगणार होतात?" सरांनी चंपाकाकीला विचारलं.

"तुमी विचारलं असतंत तर."

सर सावकाश खुर्चीत बसले आणि उरलेला कागद त्यांनी फार भराभर लिहून काढला.

शनिवारी दुपारी आमच्या ऑफिसचा फोन वाजला. मी नेहमीप्रमाणे ऑफिसचं नाव सांगितलं.

"बाय, मी भिकाजी." मागून रिक्षाचा आवाज येत होता, इतका की त्यांना ओरडावं लागत होतं. "साहेबांना निरोप दे. गंगाराम आला. रिक्षा दारात गेली."

"अरे वा. सुखरूप उतरले ना?"

"उतरत नाय."

"का? गुडघे दुखतायत?"

"गुडघे बरे हायत. दारात रिक्षा थांबली, चंपानं भाकरतुकडा ओवाळला, आणि हा म्हणतो, परत फिरव. रस्त्यापर्यंत गेला, परत दारात आला. म्हणतो, एवढी वर्षं सुट्टीत आलो की ओहळातनं चाललो, आता जरा बसून बघू दे वाट कशी हाय ती."

"मग आता?"

"आता तिसरी खेप." रिक्षा कुठल्याशा दगडावर आदळली आणि मागून कुणीतरी मोठ्याने हसलं. "गडग्याचे दोन दगड उरलेत मधे, ते काढायचे ऱ्हायले. त्यावरनं गेली की उडते. गंगारामला तेच आवडलंय."

"तुम्ही कुठून बोलताय काका?"

"कुठून म्हणजे? मी त्याच्या बाजूला बसलोय," ते म्हणाले. "ठेवतो आता. वळण आलं."